वरणातलं प्रोटीन आणि रिपोर्टमधलं प्रोटीन

पत्र :

मॅडम, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, तेव्हा मला 'तू'च म्हणा. आम्ही नागपूरला, मानेवाड्याला राहतो. बाबा एसटीत कंडक्टर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज, लघवी गडद. आधी तीन आठवडे काविळीचं गावठी औषध झालं. मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन, बायोप्सी. स्वादुपिंडाच्या डोक्याशी कर्करोगाची गाठ निघाली. पित्तनळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली आहे, म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. दोन केमो झाल्या. तिसरी दोनदा पुढे ढकलली, कारण अशक्तपणा. वजन ६४ किलोवरून ५३ वर आलं आहे.

जनुकांच्या रिपोर्टमध्ये 'के-रास जी१२डी' असं लिहून आलं. माझ्या काकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की या कर्करोगात प्रोटीनच पेशींना वाढायचा सिग्नल देतं. तेव्हापासून घरात बाबांना प्रोटीन बंद. डाळ, अंडी, दूध, पनीर, दाणे, काहीच नाही. संत्र्याचा रस, मुगाचं वरवरचं पाणी आणि तांदळाची पेज एवढंच. परवा रात्री बाबा म्हणाले, "थोडंसं वरण दे ना वं बाई." मी नाही दिलं. ताट उचललं आणि ओट्याशी उभी राहून रडले. मी चुकले का? हे प्रोटीनचं सिग्नल म्हणजे नेमकं काय? ते बंद करायचं औषध आहे का? बाबांनी तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाल्ला, त्याने झालं असेल का? भाऊही खातो. आणि हे आम्हा दोघांना पुढे होईल का?

उत्तर :

बाळ, आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. आज रात्री बाबांना वरण दे. चांगलं घट्ट, भातावर घालून, लिंबू पिळून. तो व्हिडिओ ज्या प्रोटीनबद्दल बोलतो आणि जे तुझ्या कुकरमध्ये शिजतं, त्या दोघांचं नाव तेवढं एक आहे. डाळ बंद करून गाठीचा सिग्नल बंद होत नाही. बाबांच्या मांडीचं मांस मात्र उतरतं, आणि ते उतरल्यामुळे केमो पुढे जाते. तुमच्या घरात आज नेमकं हेच चाललं आहे, म्हणून हे उत्तर मी रांगेतल्या बाकी पत्रांच्या आधी लिहायला घेतलं.

मी तीसेक वर्षं मेडिकलच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवलं. प्रोटीन म्हटलं की आपल्याला पावडरचा डबा आणि उकडलेलं अंडं आठवतं. पण रक्त लाल करणारं हिमोग्लोबिन प्रोटीन आहे, इन्सुलिन प्रोटीन आहे, तुझ्या केसातलं केराटिन प्रोटीन आहे. पेशीच्या आत हजारो जातींची प्रोटीनं असतात आणि त्यातली पुष्कळशी निरोप्याचं काम करतात. बाहेरची खबर आत नेणं, एकाने दुसऱ्याला सांगणं, काम झालं की गप्प बसणं. ही प्रोटीनं पेशी आपल्या जनुकांच्या हुकमावरून स्वतः घडवते.

आपण खाल्लेलं वरण पोटात गेलं की जठरातलं पेप्सिन आणि लहान आतड्यातलं ट्रिप्सिन त्याचे तुकडे करतं, आणि शेवटी उरतात सुटी अमिनो आम्लं. जुना वाडा पाडला की विटा निघतात, तसं. त्या विटांनी यकृत रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बांधतं, स्नायू स्वतःची डागडुजी करतात, मज्जा नव्या पेशी घडवते. त्या विटांना वाड्याचा नकाशा आठवत नसतो. तुरीच्या डाळीतलं एकही प्रोटीन अख्खं जाऊन बाबांच्या गाठीत सिग्नल देत बसत नाही.

आता तो सिग्नल काय ते सांगते, कारण रिपोर्टमधलं अक्षर कळलं की त्याची भीती कमी होते.

तुमच्याकडे कूलर असेलच. नागपुरात उन्हाळ्याला कूलर न काढणारं घर मला अजून भेटायचं आहे. त्याच्या टाकीत प्लास्टिकचा एक चेंडू असतो, दांडीला लावलेला. पाणी खाली गेलं की चेंडू उतरतो आणि तोटी उघडते. टाकी भरली की चेंडू तरंगत वर येतो आणि तोटी मिटते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. दोन उन्हाळे गेले की तोटीच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. ज्वारीच्या दाण्याएवढाही नसतो तो, नखाने खरवडला तर निघतो. पण तेवढ्याने होतं असं की चेंडू वर येऊन दांडी पूर्ण दाबतो, तरी तोटी मिटत नाही. रात्रभर पाणी वाहतं. सकाळी गॅलरीत तळं आणि गच्चीवरची टाकी कोरडी.

के-रास ही अशीच एक तोटी आहे. जेमतेम १९० अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेली. तिच्या हातात जीटीपी नावाचा रेणू असला की ती उघडी, त्याचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झाला की ती बंद. निरोगी शरीरात कुठे जखम झाली, पेशी झिजल्या, की बाहेरून वाढीचा निरोप येतो. पेशीच्या पृष्ठभागावरचे ईजीएफआरसारखे ग्राहक, म्हणजे निरोप घेणारी प्रोटीनं, तो पकडतात आणि के-रास उघडतं. मग आत एकामागून एक प्रोटीनांची साखळी सुरू होते. के-रास राफला जागं करतं, राफ मेकला, मेक अर्कला. राफपासून पुढे प्रत्येक जण पुढच्याच्या अंगावर फॉस्फेट चिकटवतो, हाच त्यांचा निरोप. शेवटचं अर्क पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि विभाजनाला लागणारी जनुकं चालू करतं. एक फाटा पीआय३-कायनेज नावाच्या प्रोटीनकडे जातो. तो पेशीला सांगतो, खा आणि जिवंत राहा. काम झालं की 'गॅप' नावाचं एक प्रोटीन येऊन के-रासला बंद करतं. गॅप म्हणजे आपला चेंडू. ते आपलं एक बोट, म्हणजे आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लाचं टोक, के-रासच्या फटीत घालतं, त्यासरशी फॉस्फेट तुटतो आणि तोटी मिटते.

ते बोट जिथून आत जातं, तिथेच साखळीतली बारावी जागा आहे. तिथे ग्लायसिन असतं. सगळ्या अमिनो आम्लांत ग्लायसिन सर्वांत लहान, त्याच्या बाजूला फक्त एक हायड्रोजन. तेवढी जागा मोकळी असते म्हणून बोट शिरतं. बाबांच्या गाठीतल्या पेशींमध्ये जनुकाचं एक अक्षर बदललं आहे. जी-जी-टी होतं तिथे जी-ए-टी झालं. त्यामुळे ग्लायसिनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं. ते थोडं मोठं आहे. थोडंच, पण बोट आता बसत नाही. तोटीच्या तोंडाशी क्षार धरला. 'जी१२डी' या चार अक्षरांत एवढंच लिहिलं आहे. जी म्हणजे ग्लायसिन, १२ म्हणजे बारावी जागा, डी म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आम्ल. बाहेरून कुणी निरोप देवो न देवो, आत 'वाढा, वाढा' चालूच राहतं.

हे बाबांच्याच नशिबी आलेलं काही विचित्र नाही, हेही कळू दे. स्वादुपिंडाच्या नळीपासून होणारा हा जो नेहमीचा कर्करोग, त्याच्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांच्या गाठीत के-रास बिघडलेलं सापडतं, आणि त्यातही जी१२डी हा प्रकार सर्वांत जास्त, शंभरात चाळीसच्या आसपास. रिपोर्टमध्ये खाली टीपी५३, सीडीकेएन२ए, एसएमएडी४ अशी आणखी नावं असतील तर ती ब्रेक लावणारी जनुकं आहेत. तोटी अडकली आणि वरून ब्रेकही गेले, म्हणजे गाठ वाढते.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही, कारण काकांना ती उद्या दुसऱ्या व्हिडिओत सापडेल. बिघडलेल्या के-रासच्या पेशी खरोखरच अधाशी असतात. त्या आजूबाजूचा द्रव घोटाघोटाने आत ओढतात आणि त्यातलं अल्ब्युमिन पचवून अमिनो आम्लं मिळवतात. हे २०१३ साली प्रयोगांतून स्पष्ट दाखवलं गेलं. काका म्हणतील, बघ, प्रोटीनवरच जगते ना गाठ! पण ते अल्ब्युमिन येतं कुठून? बाबांच्या यकृताकडून. यकृताला माल मिळतो जेवणातून, आणि जेवण बंद असलं तर स्नायूंमधून. म्हणजे गाठीचं ताट वाढलेलंच राहतं आणि त्याची किंमत हातापायाचे स्नायू भरतात. जेवणातली डाळ बंद करून गाठ लहान झाल्याचा पुरावा नाही. जेवण तुटल्याने स्नायू आटतात, अल्ब्युमिन घटतं, जंतुसंसर्ग होतो आणि केमो थांबते, हे मात्र कुठल्याही कर्करोगाच्या वॉर्डात रोज दिसतं. साखरेबद्दलही काकांचं असंच काही म्हणणं असेल. बाबांना मधुमेह असेल तर तो आवरायचा, पण त्यासाठी भात-पोळी तोडायची नाही. आणि दिवसभर पाजला जाणारा संत्र्याचा रस तेवढा आवर. त्यात साखर आहे, प्रोटीन नावालाच.

अकरा किलोंचा सगळा दोष तुमच्या पथ्यावर मी घालत नाही. हा आजार स्वतःच माणसाला वाळवतो. गाठीतून आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून असे निरोप सुटतात की भूक मरते आणि स्नायू झिजतात. शिवाय पाचकरस बनवणारं स्वादुपिंडच आजारी, त्याची नळी दाबली गेलेली, म्हणजे खाल्लेलंही पुरतं पचत नाही. पण जे आपल्या हातात होतं तेच आपण काढून घेतलं.

'आपण' म्हणते, कारण मीही ते केलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार झाला होता. ज्या रुग्णालयात ती होती तिथे खाण्यापिण्याबद्दल कुणी दोन वाक्यं सांगितली नाहीत, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाने सांगितली. दूध बंद, तेल बंद, बेसन जड. तिने एकदा गोळाभात मागितला होता, वरून फोडणीचं गरम तेल घालून, आई करायची तसा. माझ्या हातात जीवरसायनशास्त्राची पुस्तकं होती आणि तरी चारचौघांच्या बोलण्यापुढे मी गप्प राहिले. तिला मऊ खिचडी दिली. तिने दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. तुझं ओट्याशी उभं राहणं मला कळतं. तू चुकलीस ते प्रेमापोटी आणि चुकीच्या माहितीवर, आणि तुझी चूक अजून दुरुस्त होण्यासारखी आहे. माझी नाही.

तर जेवणाचा हिशेब मांडू. कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं. बाबा ५३ किलोंचे, म्हणजे रोज ५३ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास. तीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणात साडेसहा. पेलाभर दुधात साडेसहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, मूठभर दाण्यांत सात-आठ. दोन अंडी, दोनदा वरण, दोन पेले दूध किंवा दही, थोडं पनीर आणि दाण्याची चटणी असं दिवसभरात गेलं तर तू पंचावन्नच्या घरात पोचतेस. मुगाच्या वरवरच्या पाण्यात यातलं फारसं काही उतरत नाही, डाळ तळाशी राहते. एका वेळी भरल्या ताटाचा आग्रह धरू नकोस. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं दे. केमोनंतरच्या चार-पाच दिवसांत मळमळ असते, तेव्हा गारसर दही-भात, अंड्याचं पातळ कालवण, जे जाईल ते. मूत्रपिंडाची काही तक्रार असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना विचारून घे आणि डाएटिशियनची चिठ्ठी माग. माग म्हणते, कारण बरेचदा मागितल्याशिवाय मिळत नाही.

दुसरी गोष्ट, शौचाचं विचार. लाजू नकोस, विचार. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, खूप वासाची होत असेल तर पाचकरस कमी पडतो आहे. त्यासाठी स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, रिकाम्या पोटी घेतल्या तर वाया जातात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. घरात कुणाचा आक्षेप असेल तर बाबांना आधी विचार, त्यांचा निर्णय त्यांना घेऊ दे. या कॅप्सूल चालू झाल्या की तूप-तेलाची इतकी भीती राहत नाही. किती आणि कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

आणि स्टेंट आहे, म्हणून हे फ्रिजवर लिहून ठेव. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री रुग्णालयात जायचं. केमो चालू असताना तर कुठल्याही तापाला हाच नियम.

आता तुझा मोठा प्रश्न, अडकलेली तोटी बंद करायचं औषध आहे का. याच्या मागे चाळीस वर्षांची गोष्ट आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांना माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात रास कुळातल्याच एका जनुकाचं एक अक्षर बदललेलं सापडलं, आणि तेही नेमकं याच बाराव्या जागेवर. तेव्हा वाटलं होतं, आता औषध आलंच. पण के-रासचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषधाला पकडायला खाचच मिळेना. मग लोकांनी आजूबाजूच्या कड्या पकडून पाहिल्या. वरच्या ईजीएफआरला अडवणारं एर्लोटिनिब केमोबरोबर देऊन पाहिलं. २००७ साली त्याचे निकाल छापून आले. मध्यमान आयुष्यात पडलेला फरक दोन आठवड्यांहूनही कमी होता. आता तुला कारण कळेल. तोटी खालीच अडकली आहे, तर वर निरोप घेणाऱ्याला गप्प करून पाणी कसं थांबेल? खालच्या मेकला अडवून पाहिलं, तर पेशीने दुसऱ्या फाट्याने निरोप नेला. आपल्याकडे सीताबर्डीचा रस्ता खणला की गाड्या धंतोलीतून निघतात ना, तसं.

२०१३ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेला जी१२सी या प्रकारात एक लपलेली खाच सापडली. या प्रकारात बाराव्या जागेवर सिस्टीन हे अमिनो आम्ल येतं, त्याला गंधकाचा अणू असतो, त्याला औषध कायमचं अडकवता येतं. त्यातून सोटोरासिब आलं आणि २०२१ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झालं. स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांत जी१२सी असणारे एक-दोनच. बाबांचा प्रकार डी, त्याला ते गंधक नाही, म्हणून सोटोरासिब त्यांच्या उपयोगाचं नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नकोस. जी१२डी ला आणि एकूणच चालू अवस्थेतल्या रासला पकडणारी नवी औषधं आता माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. त्यातल्या डॅराक्सॉनरासिबची स्वादुपिंडाच्या कर्करोगातली तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ साली सुरू झाली. मी या विषयाकडे इतकी वर्षं डोळे लावून बसले आहे, आणि इतकी आशा मला आधी कधी वाटली नव्हती. पण आशा म्हणजे बाबांच्या पुढच्या आठवड्याचं औषध नव्हे, हेही तुला स्पष्ट सांगायला हवं.

कर्करोगतज्ज्ञांना विचार, जी१२डी साठी भारतात कुठे चाचणी चालू आहे का. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत देशातल्या चाचण्यांची नोंद असते, तिथेही शोधता येतं. खऱ्या चाचणीत चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. 'सिग्नल बंद करणारं इंजेक्शन, चार लाख' असं कुणी म्हणालं तर तिथून उठ. आजच्या घडीला बाबांचं खरं हत्यार केमो आहे. ती निरोपाच्या वाटेला जात नाही, विभाजन होणाऱ्या पेशीचा डीएनएच मोडते. आणि ती सोसायला वजन लागतं. म्हणून मघापासून तुझ्या कुकरबद्दल इतकं बोलले. खर्चाचं काय करता ते तू लिहिलं नाहीस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारलं नसेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

तुला आणि भावाला होईल का? रिपोर्टमधला के-रासचा बदल बाबांच्या गाठीत घडला आहे, त्यांच्या रक्तातून तुमच्यात आलेला नाही. त्याची भीती मनातून काढ. पण या कर्करोगाच्या शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांत बीआरसीएसारख्या एखाद्या जनुकात दोष जन्मतः असतो. त्यासाठी बाबांची रक्ताची किंवा लाळेची वेगळी तपासणी असते, आणि या आजाराच्या प्रत्येक रुग्णाने ती करावी असं आता सांगितलं जातं. तिचा उपयोग बाबांनाही आहे, कारण बीआरसीए निघालं तर प्लॅटिनमवाली केमो आणि ओलापॅरिबसारखं औषध यांचा विचार करता येतो. ती झाली आहे का ते फाइलमध्ये बघ. नसेल तर विचार.

खर्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चघळायच्या तंबाखूमुळे तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचा कर्करोग होतो असं नोंदवलं आहे. बाबांच्या बाबतीत तेच कारण, असं एका माणसापुरतं कुणालाच सांगता येत नाही, आणि आता त्यांना ते ऐकवूही नकोस. ते स्वतःला पुरेसं ऐकवत असतील. भावाला मात्र ऐकव. तो ज्या ठेल्यावर प्लास्टिकमध्ये घासून घेतो तिथून आजपासून त्याची वाट बदलू दे. एकट्याने सुटत नसेल तर मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा कुठल्याही सरकारी दंत महाविद्यालयात तंबाखू सोडवायचा सल्ला मिळतो. तीन आठवडे गावठी औषधात गेले, ते जायला नको होते. पण २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात गाठींमधल्या बदलांवरून अंदाज काढला गेला की जनुकाचा पहिला बिघाड आणि पक्की कर्करोगी पेशी यांच्या मध्ये दहाएक वर्षं जातात. बाबा तेव्हा रोज पहाटे डेपोत जात होते आणि कुणालाच काही दिसण्यासारखं नव्हतं. त्या तीन आठवड्यांपायी घरात कुणी कुणाकडे बोट दाखवू नका.

काकांशी भांडू नकोस. स्वतःच्या भावाला वाचवायला त्यांच्या हाताशी तो एक व्हिडिओच होता. त्यांना सोबत ओपीडीत ने, आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार, "बाबांनी डाळ, अंडी, दूध खायचं का?" उत्तर तुझ्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. मग काकांनाच काम दे. गोकुळपेठेच्या बाजारातून अंडी आणि ताजं पनीर आणायचं, आणि बाबांनी दिवसभरात काय किती खाल्लं ते वहीत लिहायचं. त्यांची काळजी कुठेतरी लागायला हवी.

हा आजार कठीण आहे. पुढे ऑपरेशन होईल का, किती काळ हातात आहे, हे मी इथून सांगू शकत नाही आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. दुखणं वाढलं तर सहन करत बसायचं नाही, वेदनेवर चांगले उपाय आहेत आणि ते केमोबरोबरही घेता येतात.

आज वरण-भात दे. उद्या पचलं तर पातोडीचा रस्सा, तर्री बेताची. सोमवारी सकाळी, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर बाबांचं वजन कर आणि तो आकडा मला कळव.